वणव्यानंतर मातीतील बुरशी पुन्हा कशी वसते?

वणवा विझल्यावर जमिनीवर फक्त राख आणि कोळसा दिसतो. अशी जमीन पूर्ण निर्जीव झाली, असा पुष्कळांचा समज असतो. तो खरा नाही. मातीतून उष्णता सावकाश खाली जाते आणि मातीतील ओलाव्याची वाफ होऊन जाईपर्यंत तापमान १०० अंश सेल्सिअसच्या फारसे वर चढत नाही. त्यामुळे वरचा थर होरपळला तरी काही सेंटिमीटर खाली बरेच जीव तग धरतात. ओंडके तासन्‌तास धुमसत राहिले तर मात्र उष्णता खोलवर पोहोचते.

बुरशीला मात्र याचा फटका जास्त बसतो, कारण तिचे बरेचसे तंतू पालापाचोळ्यात व वरच्या मातीतच असतात आणि पुष्कळ जाती ६० ते ८० अंशांनाच मरतात. डूली व ट्रेसेडर यांनी २०१२ मध्ये अनेक अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र तपासले. आगीनंतर एकूण सूक्ष्मजीवांचे प्रमाण सरासरी ३३ टक्के, तर बुरशीचे सुमारे ४८ टक्के घटल्याचे त्यांना आढळले.

रिकाम्या जागेत प्रथम येते ती पायरोनेमा ही नारिंगी-गुलाबी बुरशी. कॅलिफोर्नियात मुद्दाम माती भाजून केलेल्या व २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, दोन आठवड्यांत मातीतील बुरशीच्या जनुकीय खुणांपैकी निम्म्याहून अधिक तिच्याच होत्या. अर्धवट जळलेल्या सेंद्रिय पदार्थावर ती जगते. सूचिपर्णी जंगलात पुढच्या वसंतात मॉरेल या छत्र्या उगवतात. हिमालयात मोठ्या भावाने विकली जाणारी गुच्छी याच गटातली!

झाडांच्या दृष्टीने महत्त्वाची बुरशी वेगळीच. मुळांशी सहजीवन करणाऱ्या बुरशीला मायकोरायझा म्हणतात. ती मुळांना स्फुरद व पाणी मिळवून देते आणि मोबदल्यात झाडाकडून साखर घेते. झाड मेले की तिचा हा पुरवठा बंद होतो. म्हणजे आगीतून वाचलेली बुरशीही पुढे उपासमारीने मरू शकते.

मग नव्या रोपांना ती मिळते कोठून? कॅलिफोर्नियात ऑगस्ट २०१३ मध्ये लागलेल्या रिम फायर या वणव्यात सुमारे अडीच लाख एकर क्षेत्र जळले. योगायोगाने त्यातील काही जागांची माती संशोधकांनी वणव्यापूर्वीच गोळा केली होती. आधीच्या व नंतरच्या मातीत त्यांनी पाइनची रोपे वाढवून पाहिली. मोठ्या झाडांच्या मुळांवरील विविध जाती झाडांबरोबर गेल्या होत्या, पण जमिनीत सुप्त पडलेले बीजाणू वाचले होते. त्यांतील रायझोपोगॉनची एक जात तर वणव्यानंतर वाढलेली आढळली. या थोड्याशा जातींवरच नवीन रोपांची सुरुवात होते. जुनी विविधता लगेच परतत नाही. अलास्कातील जंगलात अशा बुरशीचे प्रमाण पूर्ववत होण्यास १५ वर्षांपर्यंत काळ लागल्याचे २००४ मध्ये नोंदविले गेले. त्याआधीच पुन्हा आग लागली तर मोजणी पहिल्यापासून सुरू होते.

पाइनवरील बुरशी आणि आपल्याकडील साग, आंबा, ज्वारी, तूर यांच्या मुळांतील बुरशी यांत फरक आहे, हे लक्षात घ्यावे. आपल्याकडील ही बुरशी मुळांच्या आत वाढते. तिचे बीजाणू मातीतच तयार होतात आणि छत्र्यांच्या बीजाणूंसारखे वाऱ्याने सहज दूर पसरत नाहीत. त्यामुळे जळालेल्या माळावर किंवा डोंगरउतारावर जिवंत राहिलेले गवताचे ठोंब आणि फुटवा येणारे बुंधे हेच तिचे आश्रयस्थान ठरतात. अशी जागा 'साफ' करण्याची घाई करू नये. नांगरट तर मुळीच करू नये, कारण तिने उरलेले तंतूही तुटतात. पहिल्या जोरदार पावसात राखेबरोबर वरची माती व तिच्यातील बीजाणू वाहून जातात. म्हणून मृगाच्या पावसापूर्वी उताराला आडवे दगडी बांध घालावेत किंवा जळक्या फांद्या आडव्या रचाव्यात. लागवड करावयाची असल्यास, जवळच्या न जळलेल्या निरोगी झाडाखालची ओंजळभर माती बारीक मुळांसह प्रत्येक खड्ड्यात रोपाच्या मुळांजवळ टाकावी. मर किंवा मूळकूज झालेल्या जागेची माती मात्र घेऊ नये.