राजगडाच्या पायथ्यापासून सिंधुदुर्गापर्यंत : जोडीनं मालवण

पाली गावातून राजगडावर चढणारी वाट गडाच्या इतर वाटांपेक्षा रुंद आहे. पायऱ्या ऐसपैस, चढ सोसवेल असा आणि माथ्यावर भक्कम पाली दरवाजा. राजमार्ग म्हणतात तो हाच. 25 नोव्हेंबर 1664 रोजी मालवणसमोरच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाची पायाभरणी झाली, तेव्हा स्वराज्याची राजधानी राजगड होती. जंजिऱ्याचा सिद्दी हटत नव्हता, समुद्रावर परक्यांची हुकमत होती आणि त्यावर तोड म्हणून शिवाजी महाराजांनी समुद्रातच गड बांधायचं ठरवलं. म्हणजे ज्या डोंगराच्या सावलीत आपण वाढलो, तिथल्या राजानं उभारलेला पाण्यातला गड पाहायला मालवणला जायचं. वेल्हे-भोरच्या एखाद्या जोडप्याला दोन-तीन दिवस बाहेर पडायचं असेल, तर मी याच गावाचं नाव सुचवीन.

आपल्याकडे लग्नानंतर जोडीनं जेजुरीला जातात, कुलदैवत होतं आणि मग वर्षानुवर्षं दोघांनी मिळून घराबाहेर पडणं होत नाही. गुरं कोण बघणार, म्हातारी माणसं एकटी कशी ठेवणार, असे प्रश्न असतात आणि ते खरे असतात. म्हणून वेळ नीट निवडावी. भातकापणी, झोडणी उरकून इंद्रायणी घरात आली की डिसेंबर-जानेवारीत थोडी उसंत मिळते. मालवणलाही तेव्हा समुद्र शांत आणि हवा मोकळी असते. पावसाळ्यात किल्ल्यावर जाणाऱ्या होड्या बंद असतात, त्यामुळे जून ते ऑगस्ट सोडूनच द्या. आणखी एक काळजी घ्या. आंगणेवाडीच्या भराडी देवीची जत्रा साधारण फेब्रुवारीच्या सुमारास भरते. तिची तारीख देवीचा कौल घेऊन ठरते. त्या दिवसांत मालवणात खोली मिळणं मुश्कील, म्हणून तारीख जाहीर झाली का ते विचारूनच बेत आखावा.

पालीहून वाजेघर, साखर, मार्गासनीवरून नसरापूरला आलं की महामार्ग लागतो. सातारा, कराड, कोल्हापूर, तिथून राधानगरी आणि फोंडा घाट उतरून कणकवली, कसालमार्गे मालवण. अंतर साडेतीनशे किलोमीटरहून थोडं जास्त भरतं, त्यामुळे पहाटे निघालात तरी दुपार टळते. स्वतःची गाडी नसेल तर एसटी आहेच. मार्च 2023 पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट लागतं, तेवढाच प्रवासखर्चाला हातभार. पण एवढा प्रवास करून एकाच मुक्कामात परत फिरू नये. दोन रात्री हव्यातच. ‘जवळच आहे’ म्हणून गोवा त्यात कोंबायचा मोहही टाळावा. गाडीत बसून बसून भांडणं होतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

पहिल्या संध्याकाळी काही पाहायचं मनावर घेऊ नका. बंदरावर जा. मासे घेऊन होड्या लागतात, लिलाव पुकारला जातो, सुरमई, बांगडा, तिसऱ्या टोपल्यांतून हलतात. मालवणी माणूस ‘खंयसून इलात?’ असं विचारेल. राजगडाच्या पायथ्याहून आलो म्हणून सांगा, गप्पा आपोआप सुरू होतील. तिथून किनाऱ्यावरच मोरयाचा धोंडा आहे. खडकावर गणपती, चंद्र, सूर्य, शिवलिंग, नंदी कोरलेले. किल्ला बांधण्याआधीची पूजा महाराजांनी इथे केली, असं मालवणकर सांगतात. किल्ल्याला जाणारे बरेचजण याला चुकवतात. तुम्ही चुकवू नका.

दुसऱ्या दिवशीची सकाळ मात्र पूर्ण किल्ल्याला द्या. होडी पहिल्या खेपेची धरा. होडीतून तटबंदी जवळ येत जाते, पण दरवाजा काही दिसत नाही. अगदी भिंतीला भिडेपर्यंत नुसते बुरूज आणि मग दोन बुरुजांच्या मधे वळसा घालून आत जाणारी वाट दिसते. पाली दरवाजा चढून आलेल्या माणसाला ही युक्ती लगेच कळते, कारण राजगडावरही शत्रूला सरळ आत शिरायला वाव ठेवलेला नाही. सुमारे 48 एकरांच्या बेटाला हा तट वेढतो. तीन वर्षांत, 1667 मध्ये, बांधकाम पुरं झालं. कामाची जबाबदारी हिरोजी इंदुलकरांवर होती, असं सांगितलं जातं.

आत शिरल्यावर जवळच दोन लहान घुमट्या आहेत. त्यांत चुन्यात उमटलेले महाराजांच्या हाताचे आणि पायाचे ठसे आहेत, अशी श्रद्धा आहे. तिथे गर्दी असते, तरी थांबून पाहा. पुढे दूधबाव, दहीबाव, साखरबाव. चहूकडे खारं पाणी आणि विहिरीत गोडं. साखरबावेच्या काठाशी उभं राहून आत डोकावलं की जागा निवडणाऱ्याची नजर कळते.

माझ्या मते या किल्ल्यातली सर्वांत मोलाची जागा शिवराजेश्वराचं मंदिर. राजाराम महाराजांनी 1695 मध्ये ते बांधवलं. राजाराम महाराजांचा जन्म 24 फेब्रुवारी 1670 चा, राजगडावरचा. पालीच्या माथ्यावर जन्मलेल्या मुलानं वडिलांचं मंदिर समुद्रात उभारलं. स्वतः मुघलांशी झुंजत असताना, राज्य दूर जिंजीवरून चालवत असताना हे घडलं. मूर्ती दाढीविना आहे, डोक्यावर कोळ्यासारखी टोपी. राजगड रोज पाहणाऱ्यांनी इथे घटकाभर तरी बसावं. होडीवाले साधारण तासाभरात परत बोलावतात. उशीर होणार असेल तर चढतानाच सांगून ठेवा, दुसऱ्या फेरीत घेतात.

शिवाजी महाराज स्वतः 1665 च्या फेब्रुवारीत मालवणहूनच जहाजांतून बसरूरच्या मोहिमेवर गेले. शतकभरानं, 1765 मध्ये, इंग्रजांनी किल्ला घेतला आणि त्याला फोर्ट ऑगस्टस असं नाव दिलं. ते नाव आज कुणाच्या तोंडी नाही.

दुपारी वडे-सागोती किंवा माशाचं ताट, वर सोलकढी. शाकाहारी असाल तर घावणे आणि काळ्या वाटाण्याची आमटी. उन्हं उतरली की सहा-सात किलोमीटरवरचं तारकर्ली आणि पुढे कर्ली नदी समुद्राला मिळते ते देवबाग. किल्ल्याभोवतीच्या पाण्यात प्रवाळ आहे, 1987 पासून हा भाग सागरी अभयारण्य आहे. पाण्याखाली उतरायचं असेल तर सकाळची वेळ बरी. लाइफ जॅकेट घातल्याशिवाय होडीत बसू नका, कुणी कितीही हसलं तरी.

परतताना कुडाळच्या रस्त्यानं जा म्हणजे धामापूरचा तलाव लागतो. 1530 च्या सुमाराचा आहे, काठावर भगवतीचं मंदिर. तिथे शिदोरी सोडावी. खाजं, कोकमाचं आगळ आणि मालवणी मसाला मात्र आदल्या दिवशीच बाजारपेठेतून घेऊन ठेवा. आगळाची बाटली गाडीत उभी ठेवा, आडवी पडली तर डाग जात नाहीत.