पितळेची तोफ, पितळेशिवाय

चंदेरी रंग फासला म्हणून तलवार लोखंडी दिसत नाही, आणि सोनेरी रंग दिला म्हणून तोफ पितळी दिसत नाही. हे मी ठामपणे सांगतो. दिवसभर मी चिकलठाणा एमआयडीसीतल्या एका मशिन शॉपमध्ये तयार झालेले जॉब तपासतो, म्हणजे खरा धातू हातात घेऊन उजेडात फिरवून बघतो. रात्री जेवणं झाली की तोच धातू रंगानं काढतो, सव्वा इंचाच्या सैनिकांच्या हातात.

हे सैनिक टेबलावर खेळायच्या लढाईचे. मिनिएचर म्हणतात त्यांना. प्रचलित मापात तळपायापासून डोळ्यांपर्यंतची उंची 28 मिलिमीटर भरते, म्हणजे खऱ्या माणसाच्या साधारण साठावा हिस्सा. प्रशियाच्या सैन्यात 1824 पासून अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी नकाशावर असा युद्धखेळ खेळला जायचा. 1913 मध्ये एच. जी. वेल्स या कादंबरीकारानं ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक लिहून तो घराच्या जमिनीवर आणला. आज या छंदातली सगळ्यात मोठी कंपनी इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमची गेम्स वर्कशॉप. तिचा ‘वॉरहॅमर’ 1983 चा. त्यातली राक्षसांची नि अंतराळवीरांची सैन्यं मीही रंगवली आहेत, पण सध्या टेबलावर असई आहे.

असई आमच्या शेजारच्या जालना जिल्ह्यात. तिथं केळना आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात 23 सप्टेंबर 1803 रोजी आर्थर वेलस्लीची फौज शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी भिडली. हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि त्यानं वॉटर्लूला नेपोलियनला हरवलं. असईत मराठ्यांकडे शंभरच्या आसपास तोफा होत्या, त्यातल्या बऱ्याच पितळी, आणि त्यांच्या घडणीची तारीफ खुद्द वेलस्लीनं केली. युरोपातले युद्धखेळाचे शौकीन ही लढाई आवडीनं मांडतात. ज्या मातीत ती झाली तिथल्या माणसाच्या टेबलावर ती असावी असं मला मनापासून वाटतं, आणि त्या तोफा तोफांसारख्या दिसाव्यात असंही.

आता धातू रंगवायच्या दोन वाटा आहेत. पहिली म्हणजे धातूचा रंग बाटलीतूनच घ्यायचा. चंदेरी-सोनेरी रंगात ॲल्युमिनियमच्या किंवा अभ्रकाच्या बारीक चपट्या कण्या असतात. रंग वाळला की त्या पृष्ठभागावर आडव्या पसरतात आणि उजेड परतवतात. वर पाण्यासारखा पातळ काळा-तपकिरी रंग सोडला की तो खाचांत उतरतो आणि घडण उठून दिसते. याला वॉश म्हणतात. ही वाट झटपट आहे, शंभर सैनिकांची पलटण रंगवायची तर तीच घ्यावी. एक पथ्य मात्र पाळायचं. या रंगाचा ब्रश धुवायचं पाणी वेगळं ठेवायचं, नाहीतर कण्या पुढच्या प्रत्येक रंगात शिरतात आणि घोडासुद्धा चमकायला लागतो.

दुसऱ्या वाटेत धातूचा कणही नसतो. काळा, करडा, तपकिरी, पिवळा, पांढरा, एवढ्या साध्या मॅट रंगांतून धातूचा भास उभा करायचा. छंदातली मंडळी हिला ‘नॉन-मेटॅलिक मेटल’ म्हणतात. मेहनत दसपट, पण माझा जीव हिच्यातच आहे.

ती जमायची तर आधी धातू बघायला शिकावं लागतं. घासून चकचकीत केलेल्या लोखंडाला स्वतःचं म्हणून फारसं रूप नसतं, समोर जे असेल तेच ते दाखवतं. ग्राइंडिंग होऊन आलेला शाफ्ट खिडकीशी आडवा धरा. लांबीभर एक लख्ख पट्टा दिसेल, आणि त्याला अगदी चिकटून काळा पट्टा. मध्ये हळूहळू गडद होत जाणं नाही. खिडकी संपली, भिंत सुरू झाली, तिथंच उजेड तुटतो. हे तुटणं नजरेला ‘धातू’ सांगतं. लाकडाच्या दांड्यावर हाच उजेड सावकाश विरतो.

लेथवर फेसिंग केलेली, म्हणजे तोंड सपाट कातलेली चकती आणखी मजेची. तिच्यावर टूलच्या बारीक गोल रेघा असतात. मध्यबिंदूपासून समोरासमोर दोन तेजस्वी पाकळ्या दिसतात, आणि चकती जागेवर फिरवली तरी त्या हलत नाहीत. उजेड जिथून येतो त्या हिशेबानं त्या तिथंच राहतात. गोल ढाल रंगवताना मी डोळ्यांसमोर ही चकती आणतो आणि पाकळ्या नेमक्या काढतो. आमच्या शॉपमधले जुने टर्नर, ज्यांना सगळे मामा म्हणतात, लेथवरून पडणाऱ्या धातूच्या सुरळीचा रंग बघून कटिंग कसं चाललंय ते ओळखतात. तापलेल्या पोलादावर साधारण सव्वादोनशे अंशांना गवती पिवळा रंग चढतो, मग तपकिरी, मग जांभळा, आणि तीनशेच्या आसपास निळा. वॉरहॅमरमधल्या यंत्रांची तापलेली धुरांडी रंगवणारे पुष्कळदा हे रंग हवे तसे लावतात. खरं तर सगळ्यात तापलेल्या जागी निळा हवा, आणि तिथून दूर सरकत जांभळा, तपकिरी, पिवळा. हा क्रम चुकला तर जाणकाराला खटकतंच.

तर तोफ. माझ्या मापात तिची नळी बोटाच्या पेराएवढी. आधी दौलताबादला जाऊन किल्ल्यावरची मेंढा तोफ पुन्हा नीट बघून आलो. काशाची ती प्रचंड तोफ उघड्यावर आहे. कोरलेल्या अक्षरांच्या खाचा काळपट, उंचवटे उजळ. नव्या पितळेची पिवळीधम्मक चमक लढाईतल्या तोफेला नसणार हे तिथं पक्कं झालं.

पहिला हात गडद तपकिरी. सगळीकडे, मॅट. मग ठरवायचं की तोफ उघड्या रानात आहे: वर आभाळ, खाली काळी माती. नळीच्या माथ्यावर, मधोमध न धरता किंचित एका बाजूला, यलो ऑकरचा पट्टा. त्यात लेमन यलो मिसळून त्याच पट्ट्याच्या आत आणखी बारीक पट्टा. त्याच्या आत हस्तिदंती पांढऱ्याची केसाएवढी रेघ, तीही तोंडापासून कड्यापर्यंत सलग नाही, मध्ये तुटलेली. पट्ट्याची खालची कड मी जवळजवळ काळ्या तपकिरीनं कापतो. शाफ्टवर पाहिलेलं तुटणं ते हेच. नळीच्या पोटाला मातीचा उजेड म्हणून तांबूस तपकिरीची पुसट रेघ. नळीवरच्या प्रत्येक कड्यावर हाच खेळ पुन्हा, छोट्या मापात. तोंडाशी बारुदीचा धूर म्हणून निव्वळ मॅट काळा. तो आला की शेजारचं पितळ दुप्पट चमकतं. पूर्ण झाल्यावर मोजायला गेलं तर पिवळ्यापेक्षा तपकिरी कितीतरी जास्त असतो, तरी बघणारा पितळच म्हणतो.

आमच्याकडे या कामाला हवाही आडवी येते. वर्तमानपत्रात शहराचं तापमान छापतात ते चिकलठाणा वेधशाळेतलं. मे महिन्यात ते चाळिशीपार जातं, आणि ॲक्रिलिक रंग ब्रशच्या टोकावरच वाळतो. उपाय सोपा आहे. डब्यात ओला स्पंज, त्यावर बटर पेपर, त्यावर रंग. खालून ओल मिळत राहते. पावसाळ्यात उलट अडचण. दमट हवेत स्प्रेचा प्रायमर पांढुरका आणि खरखरीत बसतो, म्हणून तो मी ब्रशनंच लावतो.

मौल्यवान वस्तूचं रूप साध्या सामग्रीतून आणायची ही विद्या या शहराला परकी नाही. किनखापात सोन्या-चांदीची तार असते. तिची शोभा इथल्या हिमरूच्या विणकरांनी सूत आणि रेशमात आणली. बीबी का मकबऱ्याचा घुमट आणि भिंतींचा खालचा भाग संगमरवरी आहे, बाकी बराचसा चुन्याचा गुळगुळीत गिलावा. त्याला स्वस्तातली नक्कल म्हणणाऱ्यांशी मी वाद घालतो. गिलाव्यात संगमरवराची कांती आणणारा कारागीर दगड बसवणाऱ्यापेक्षा कमी नव्हता. इटलीत लिओन बात्तिस्ता अल्बेर्ती यानं 1435 च्या सुमारास चित्रकलेवरच्या ग्रंथात हेच मांडलं होतं, की चित्रात सोन्याचा वर्ख चिकटवण्यापेक्षा साध्या रंगांनी सोनं उभं करणारा चित्रकार जास्त कौतुकाला पात्र. तंजावर चित्रांत खरा वर्ख असतो. राजा रविवर्म्यानं तैलचित्रांत जरीकाठ आणि दागिने नुसत्या रंगांनी काढले. ज्यांना हे काम शिकायचंय त्यांनी त्याच्या चित्रातली एक बांगडी जवळून बघावी. ऑकर, तपकिरी आणि फिकट पिवळ्याचा एक ठिपका.

महाराष्ट्रात ही कला रुजायला परदेशी संचच हवेत असं नाही. दिवाळीत घरोघरी किल्ला होतो आणि त्यावर मातीचे मावळे उभे राहतात. त्यांच्या तलवारींना सरसकट चंदेरी रंग असतो. यंदा मुलांना साधे पोस्टर कलर द्या. पात्याच्या मधून उभी रेघ धरा. तिच्या एका बाजूला मुठीकडून टोकाकडे काळ्यापासून फिकट करड्यापर्यंत जा, दुसऱ्या बाजूला नेमकं उलटं. धारेवर पांढरी बारीक रेघ ओढा. ढालीच्या चार फुल्या तपकिरी करा, प्रत्येकीवर एका बाजूला पिवळा ठिपका आणि त्यात पांढरा बिंदू. सगळ्या मावळ्यांवर उजेड एकाच दिशेनं येतोय एवढं सांभाळा. चंदेरी रंगाची बाटली आणायची गरज नाही.