जुन्या संगणकावर लिनक्स (लेखांक ६) : डॉक, थीम आणि खरे वजन

मागील लेखांकात एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप बसवून झाला. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा आधार संपल्यानंतर जे चार जीबी रॅमचे संगणक अडगळीत जाणार होते, त्यांच्यासाठी हा पर्याय चांगला का, हेही त्याआधी पाहिले. आता समोर जे दिसते ते मात्र बहुतेकांना फिके वाटते आणि पहिल्याच दिवशी सजावट सुरू होते. खाली प्लँक नावाचा डॉक येतो, मॅकसारखी दिसणारी व्हाइटसर थीम येते, आयकॉनसाठी पॅपिरस येतो. या हौसेला माझा विरोध नाही. मात्र हलक्या डेस्कटॉपवर कोणती सजावट करावी हे ती किती रॅम खाते यावरून ठरवण्याची रूढ पद्धत मला चुकीची वाटते. ती सजावट कोणाच्या भरवशावर उभी आहे, हे पाहून निर्णय घ्यावा.

रॅमचा मुद्दा आधी निकालात काढू. ‘हलका डेस्कटॉप घेतलात आणि त्यावर डॉक चढवलात, मग हलकेपणा राहिला कुठे?’ असा आक्षेप कर्मठ मंडळी घेतात. तो टिकत नाही. प्लँक व्हाला भाषेत लिहिलेला, हेतुपुरस्सर छोटा ठेवलेला प्रोग्राम आहे. ब्राउझरमधले एखादे जड पान त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त रॅम घेते. थीम तर बहुतांशी शैलीची फाइल आणि काही चित्रे एवढीच असते. चार जीबीचा संगणक अडखळतो तो ब्राउझरच्या उघड्या टॅबमुळे, डॉकमुळे नव्हे. तरीही सहा महिन्यांनी असा सजवलेला डेस्कटॉप कटकटीचा होतो, आणि त्याचे कारण मेगाबाइटमध्ये मोजता येत नाही. प्लँकचीच गोष्ट घ्या. ग्नोम-डू या प्रोग्राममधून डॉकी निघाला, डॉकीतून प्लँक, आणि एलिमेंटरी ओएस या डिस्ट्रोने त्याला घरोघरी पोचवले. त्याच एलिमेंटरीने २०२४ च्या आठव्या आवृत्तीत प्लँक सोडून स्वतःचा नवा डॉक आणला. मूळ प्लँक फक्त जुन्या एक्स-११ या चित्रप्रणालीवर चालतो आणि त्यावरचे काम जवळजवळ थांबले आहे. इतरांनी काढलेल्या शाखा आहेत, पण त्या किती काळ चालतील हे त्यांच्या उत्साहावर अवलंबून. शिवाय एक्सएफसीईवर प्लँक लावताच त्याच्या वर पडद्यावर एक विचित्र आडवी रेघ उमटते. ती म्हणजे विंडो मॅनेजरने डॉकला दिलेली सावली. विंडो मॅनेजर ट्वीक्स उघडून कंपोझिटरच्या टॅबमधली डॉकखालच्या सावलीची खूण काढली की ती जाते. दोष ना प्लँकचा, ना एक्सएफसीईचा. दोन स्वतंत्र गोष्टी एकमेकींना विचारात न घेता घडल्या, एवढेच. अशा सांध्यांची संख्या हेच सजावटीचे खरे वजन.

आता एक्सएफसीईचे स्वतःचे काय आहे ते पाहा. ऑलिव्हिए फुर्दां यांनी १९९६ मध्ये हा प्रकल्प सुरू केला तेव्हा तो पूर्ण डेस्कटॉप नव्हताच. युनिक्सवरच्या सीडीई या डेस्कटॉपच्या वळणावर बेतलेला तो एक साधा पॅनल होता. म्हणजे पॅनल हा या डेस्कटॉपचा सर्वांत जुना अवयव, आणि आजही सर्वांत लवचीक. मूळ एक्सएफसीई जसाच्या तसा ठेवणाऱ्या डिस्ट्रोत वर एक पॅनल आणि खाली मधोमध लाँचरची छोटी पट्टी असते. ही पट्टी डॉकच आहे, फक्त कोणी तिला त्या नावाने हाक मारत नाही. तिची उंची वाढवा, पार्श्वभूमी पारदर्शक करा, विंडो जवळ आली की लपण्याचा पर्याय निवडा, आणि नेहमीचे प्रोग्राम मेनूतून ओढून तिच्यावर टाका. चालू विंडो आणि लाँचर एकाच आयकॉनमध्ये हवे असतील तर डॉकलाइक नावाचे प्लगइन आहे. माउस नेल्यावर आयकॉन फुगणे तेवढे मिळणार नाही. ज्यांना ते हवेच आहे त्यांनी प्लँक खुशाल लावावा, पण ती किंमत आपण कशासाठी मोजतो हे ठाऊक असावे. मांडणी जमली की पॅनल प्रोफाइल्स या साधनाने ती जतन करता येते आणि दुसऱ्या संगणकावर जशीच्या तशी उतरवता येते.

थीमचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे, कारण ‘थीम’ नावाची एक वस्तूच इथे नसते. अपिअरन्समध्ये निवडतो ती शैली जीटीके या साधनसंचाची. बटणे, मेनू, स्क्रोलपट्टी यांचे रूप ती ठरवते. टायटल बारची थीम वेगळी, ती एक्सएफडब्ल्यूएम या विंडो मॅनेजरची. आयकॉन आणि माउसचा बाण आणखी वेगळे. यांपैकी टायटल बारची थीम एक्सएफसीईच्या स्वतःच्या ताब्यात आहे. चित्रांचे तुकडे आणि एक सेटिंगची फाइल असा तिचा साधा साचा असल्याने वीस वर्षांपूर्वीच्या थीमसुद्धा सहसा चालतात. जीटीकेचे तसे नाही. तो एक्सएफसीईचा पाया असला तरी त्याची दिशा प्रामुख्याने ग्नोम या दुसऱ्या डेस्कटॉपची मंडळी ठरवतात. भाड्याच्या घराच्या भिंती रंगवण्यासारखे हे काम आहे. जीटीके ३ च्या काळात आवृत्तीगणिक अंतर्गत रचना बदलत गेली आणि २०१६ च्या ३.२० मध्ये तर असंख्य थीम एका फटक्यात मोडल्या. अनेक थीमच्या फोल्डरात आजही ३.२० साठीचा वेगळा कप्पा दिसतो, तो त्या पडझडीची खूण. मग २०१९ मध्ये काही ग्नोम प्रोग्रामरांनी डिस्ट्रोंना खुले पत्र लिहून आमच्या प्रोग्रामांवर तुमच्या थीम लादू नका असे सांगितले. २०२१ च्या अखेरीस ग्नोमच्या लिबअड्वायटा या लायब्ररीची १.० आवृत्ती आली. ती वापरणारे प्रोग्राम तुम्ही निवडलेल्या शैलीकडे बघतही नाहीत. लिनक्स मिंटने यावर काढलेला तोडगा बोलका आहे. २०२४ च्या मिंट २२ मध्ये त्यांनी कॅल्क्युलेटर, सिस्टिम मॉनिटर यांसारख्या काही प्रोग्रामांच्या जीटीके ३ वरच्या जुन्या आवृत्त्या परत आणल्या, कारण नव्या आवृत्त्या मिंटच्या थीममध्ये परक्या दिसत होत्या. एवढ्या मोठ्या डिस्ट्रोला मागे पाऊल घ्यावे लागते, तिथे घरी बसून सीएसएस फाइल खरडणाऱ्याने किती अपेक्षा ठेवावी?

यावर कोणी म्हणेल, मग ग्नोमवाल्यांचेच खरे. थीम लावूच नये. हा निष्कर्ष मला मान्य नाही. ते पत्र वापरणाऱ्यांना उद्देशून नव्हतेच. लाखो संगणकांवर न तपासलेली शैली आधीच बसवून पाठवणाऱ्या डिस्ट्रोंविषयी ते होते, आणि ती तक्रार रास्त होती. एका माणसाने आपल्या पडद्याचे रूप बदलणे वेगळे. अधू नजरेला जास्त उठावाचे रंग लागतात, जुन्या लॅपटॉपच्या फिकट पडद्यावर बारीक करडी अक्षरे वाचवत नाहीत. इथे थीम ही गरज असते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : विंडोजवरून आलेल्या माणसाला ओळखीचे रूप दिले नाही तर तो टिकणार कसा? शिकागो-९५ ही विंडोज ९५ चे हुबेहूब रूप देणारी थीम या कामी सुचवली जाते. ती कौतुकास्पद आहे, पण ओळख रंगापेक्षा जागेत असते असे मला वाटते. हात डाव्या खालच्या कोपऱ्याकडे जातो, करड्या बटणाकडे नव्हे. पॅनल खाली आणा, डाव्या टोकाला व्हिस्कर मेनू ठेवा, उजवीकडे घड्याळ ठेवा. संक्रमणाचा बराचसा भार एवढ्यावर उतरतो, आणि त्यासाठी बाहेरून काहीही आणावे लागत नाही.

मराठी वापरणाऱ्यांनी थीम निवडताना एक गोष्ट जास्त तपासावी. टायटल बारची उंची थीममधल्या चित्रांवरून ठरते, फॉन्टवरून नाही. रोमन अक्षरांच्या मापाने बेतलेल्या, सडपातळ टायटल बारच्या थीममध्ये ‘कीर्ती’सारख्या शब्दातले रफार-वेलांटी किंवा ‘मूल्ये’मधला ऊकार कापला जाण्याची शक्यता असते. तेव्हा मराठी नावाची एखादी फाइल उघडून पाहिल्याशिवाय थीम पक्की करू नये. फॉन्टही असा घ्यावा ज्यात दोन्ही लिप्या एकत्र घडवलेल्या आहेत. मुंबईच्या एक टाइपचा मुक्ता तसा आहे आणि मुक्त परवान्यात मिळतो. केवळ रोमन फॉन्ट निवडला तर देवनागरीसाठी प्रणाली आपल्या मनाने दुसरा उचलते, आणि मग एकाच ओळीत दोन वेगळ्या जाडीची अक्षरे शेजारी बसतात.

एक्सएफसीईच्या स्वतःच्या गोष्टींवर भरवसा ठेवा, या माझ्या म्हणण्यालाही एक भोक आहे. डिसेंबर २०२४ च्या ४.२० आवृत्तीपासून हा डेस्कटॉप एक्स-११ ऐवजी वेलँड या नव्या चित्रप्रणालीवर प्रायोगिक स्वरूपात चालू लागला. पॅनल तिथे आला, पण एक्सएफडब्ल्यूएम आलेला नाही. त्याच्या जागी लॅबडब्ल्यूसी वापरता येतो, आणि तो थीम वाचतो त्या ओपनबॉक्स या वेगळ्याच विंडो मॅनेजरच्या धाटणीच्या. म्हणजे वीस वर्षे टिकलेली टायटल बारची थीमसुद्धा या वाटेवर मागेच राहते. सध्या एक्स-११ चे सत्र निवडण्याची सोय शाबूत आहे, त्यामुळे घाई नाही. वेलँडवर गेल्यास आणखी काय बदलते, ते पुढील लेखांकात.