हात तुटला म्हणून खेळ खरा होत नाही

जादू कमी असलेल्या रोलप्लेइंग गेमचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येतं : जखमा कायमच्या असतील तरच खेळ वास्तववादी. यामागची चिडचिड समजण्यासारखी आहे. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या २०१४च्या नियमांत आठ तासांची विश्रांती घेतली की गेलेले सगळे हिट पॉइंट परत येतात. संध्याकाळी भाल्याने लोळवलेला शिपाई सकाळी पुन्हा दौडीला तयार. मंत्राने जखमा बुजवणारे पुजारी गावोगाव असतील तर हे खपून जातं; जादू दुर्मीळ असेल तर ते हास्यास्पद दिसतं. मग डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा, त्याच आवृत्तीच्या मार्गदर्शक पुस्तकातलं एक ऐच्छिक कोष्टक उघडतो. वीस बाजूंचा फासा टाकायचा. १ पडला तर डोळा गेला, २ला हात, ३ला पाय, ४ला लंगडणं, पुढे बरगड्या आणि व्रण. फासा थांबतो, कुणाचा तरी हात जातो, टेबलाभोवती शांतता पसरते आणि खेळात वास्तव आलं असं सगळ्यांना वाटतं. आलेलं असतं ते फक्त रक्त.

या समजाची पहिली पायरीच कच्ची आहे. हिट पॉइंट म्हणजे मांस आणि ते गेले म्हणजे मांस कापलं गेलं, असं त्यात गृहीत धरलेलं असतं. १९७४मध्ये डेव्ह आर्नेसनबरोबर हा खेळ प्रसिद्ध करणाऱ्या गॅरी गायगॅक्सने १९७९च्या मार्गदर्शक पुस्तकातच हे खोडून काढलं होतं. अनुभवी योद्ध्याचे हिट पॉइंट वाढतात ते त्याचं शरीर घोड्याएवढं होतं म्हणून नव्हे. त्यात कौशल्य, नशीब, ऐनवेळी वार चुकवण्याची हातोटी हे सगळं मोजलेलं असतं. म्हणजे रात्रीत परत येतो तो दम आणि धीर. भरलेली जखम हा त्यातला लहानसा भाग. जो आजार मुळात नव्हता त्यावर औषध म्हणून अवयव तोडणारं कोष्टक आणायचं, हा उपाय चमत्कारिकच म्हणायचा.

तरीही कुणी म्हणेल, हिट पॉइंट काहीही असोत, लढाईत हात-पाय तुटतात हे खरंच आहे ना? तुटतात, पण किती, ते एकदा मोजून पाहा. क्रिटिकल वार, म्हणजे हल्ल्याच्या फाशावर वीस पडून झालेला वार, बसला की कोष्टक वापरायचं, हा पुस्तकानेच सुचवलेला एक प्रसंग. वीस पडण्याची शक्यता ५ टक्के, त्यात कोष्टकावर पहिल्या तीनपैकी आकडा येण्याची १५ टक्के. म्हणजे अंगावर येणाऱ्या प्रत्येक हल्ल्यामागे पाऊण टक्का. फारच किरकोळ वाटतं. पण एका लढाईत एका कॅरेक्टरवर आठ हल्ले धरले, तर बारा-तेरा लढायांत शंभर हल्ले होतात आणि डोळा, हात किंवा पाय जाण्याची शक्यता ५३ टक्क्यांवर पोहोचते. चौघांचा गट असेल तर चौघंही धडधाकट राहण्याची शक्यता जेमतेम ५ टक्के. उलट समोरचा दरोडेखोर दोन-चार वार झेलून मरतो, त्याला कोष्टकाची झळ लागतच नाही. बाण कुणाला विचारून लागत नाही, हा युक्तिवाद इथे हमखास येतो. बरोबर आहे. पण हा बाण जो सर्वांत जास्त वेळ रंगमंचावर असतो त्यालाच शोधून काढतो. याला युद्धाचं वास्तव म्हणत नाहीत, फाशांचा पक्षपात म्हणतात.

खरं वास्तव हवं असेल तर जखम झाल्यानंतर काय घडतं ते पाहायला हवं. पानिपतावर १७६१मध्ये महादजी शिंद्यांच्या पायावर वार झाला आणि ते जन्मभर लंगडत राहिले. कोष्टकात या जखमेची किंमत आहे चाल पाच फुटांनी कमी आणि जोरात धावलं तर पडण्याचा धोका. प्रत्यक्षात त्याच माणसाने दहा वर्षांनी दिल्ली घेतली आणि १७९४पर्यंत उत्तर हिंदुस्थानचं राजकारण हलवलं. पाच फुटांच्या उणेपणातून या माणसाबद्दल काहीच कळत नाही. दुसरं उदाहरण कावसजीचं. इंग्रजी फौजेतल्या या मराठी बैलहाक्याला टिपूच्या लोकांनी कैद केलं आणि त्याचं नाक व एक हात कापला. पुढे पुण्याच्या परिसरातल्या, विटा करणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने त्याच्या कपाळाच्या कातडीपासून नवं नाक बनवलं. लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’ने ऑक्टोबर १७९४मध्ये हे चित्रासह छापलं. जादूचा लवलेश नसताना नाक परत आलं, हात आला नाही. कमी जादूचं जग असंच असतं : काही भरून येतं, काही येत नाही आणि काय भरून येईल ते योग्य माणूस सापडतो की नाही यावर ठरतं. त्या कारागिराचा शोध हेच एक अख्खं कॅम्पेन होऊ शकतं. कोष्टक मात्र घाव पडण्याच्या क्षणावर सगळे नियम खर्च करतं आणि पुढच्या वर्षांसाठी एक वजाबाकी ठेवून निघून जातं.

ही पुढची वर्षं हाताळणारे खेळ फार पूर्वीपासून आहेत, म्हणून तर या समजाचा जास्त राग येतो. १९८५च्या ‘पेंड्रॅगन’मध्ये ग्रेग स्टॅफर्डने बरं होणं आठवड्यांच्या हिशोबात मांडलं आणि साधारण वर्षाला एक मोहीम असा वेग ठेवला, त्यामुळे अंथरुणाला खिळलेल्या सरदाराचं वर्ष खरोखर वाया जातं. १९८६च्या ‘हार्नमास्टर’मध्ये हिट पॉइंटच नाहीत. प्रत्येक जखम वेगळी नोंदवली जाते, वेगळी भरते आणि चिघळू शकते. पेनिसिलिनच्या आधीच्या जगात जखम चिघळणं हाच खरा मारेकरी होता. तलवारीने वाचवलेल्यांना तो नंतर गाठायचा.

काही खेळ तर काय गमवायचं हे खेळाडूवरच सोडतात. यावर शेवटचा आक्षेप असा, की जखम खेळाडूच्या निवडीवर सोडली तर भीती कुठे उरली? उलट आहे. फाशाने हात नेला तर खेळाडू फाशाला शिव्या घालतो. ‘अपोकॅलिप्स वर्ल्ड’मध्ये (२०१०) मरणाच्या दारात पोहोचलेल्याने काय गमवायचं ते खेळाडू यादीतून निवडतो, आणि ती निवड करताना टेबलावर जी शांतता होते ती कोष्टकाच्या शांततेपेक्षा जड असते. ‘फेट कोअर’मध्ये (२०१३) गंभीर परिणाम पत्करून लढत राहायचं की हार मानून जिवंत निघायचं, हे खेळाडूच ठरवतो, आणि पुढे ती जखम आडवी आली तर त्याला फेट पॉइंट मिळतो. म्हणजे जखम ही शिक्षा न राहता कथेचा ऐवज होते. खेळाडू नेहमी सोपंच निवडेल, ही भीती किंमत आधी स्पष्ट सांगितली नसेल तरच खरी ठरते.

उरलेले समज थोडक्यात. ‘मंत्राने अवयव परत येतोच’ : ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये तो मंत्र सातव्या पातळीचा, म्हणजे तेराव्या लेव्हलच्या आधी हाती येत नाही, आणि जादू काढून टाकलेल्या जगात कोष्टकाचा हा उतारा नाहीसा होतो. ‘हात गेलेला योद्धा घरी बसतो’ : जर्मन सरदार ग्योत्स फॉन बर्लिशिंगनने १५०४मध्ये हात गमावला आणि लोखंडी हात लावून पुढची कित्येक वर्षं लढाया केल्या. ‘जखमी कॅरेक्टर म्हणजे खेळाडूने सेशनभर हाताची घडी घालून बसायचं’ : एकाच खेळाडूने आलटून पालटून अनेक पात्रं चालवण्याची सोय ‘आर्स मॅजिका’ने १९८७मध्येच करून ठेवली आहे.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी जखमांचं कोष्टक पुढे केलं, तर एवढंच विचारावं : हात तुटल्यावर पहिला महिना या माणसाला कोण जेवू घालणार? याचं उत्तर ज्या नियमांत नाही, त्यांनी वास्तवाचं नाव घेऊ नये.