७२ च्या आधीची मजुरी

'सक्सेशन' या अमेरिकी मालिकेची सुरुवात अंधारात होते. एक म्हातारा झोपेतून दचकून उठतो, आपण कुठे आहोत ते त्याला उमगत नाही. चाचपडत तो पुढे सरकतो आणि स्नानगृह समजून गालिच्यावरच लघवी करतो. हा लोगन रॉय, वर्तमानपत्रं आणि वाहिन्यांच्या अवाढव्य साम्राज्याचा मालक. लोगनची भूमिका करणारे ब्रायन कॉक्स या प्रसंगात फार थोडं करतात. श्वास जड, एखाददुसरा तुटका प्रश्न, बस्स. म्हातारपण 'दाखवण्या'चा मोह कुठेही नाही. इतकं कमी करूनही पुरे पडेल हा भरवसा नटाच्या अंगात येतो कुठून? मालिका जून २०१८ मध्ये सुरू झाली तेव्हा कॉक्स ७२ वर्षांचे होते आणि त्यांच्याविषयीच्या लेखांत हा आकडा हटकून येतो: ७२ व्या वर्षी नशीब उघडलं, ७२ व्या वर्षी जगाने दखल घेतली. हा हिशेब मला चुकीचा वाटतो. ७२ व्या वर्षी पोचली ती प्रसिद्धी. काम कधीच झालं होतं, आणि ते पगारावर, छोट्या शहरांच्या नाट्यगृहांत झालं होतं.

कॉक्स यांचा जन्म १९४६ चा, स्कॉटलंडमधल्या डंडीचा. बंगालचा ताग जिथल्या गिरण्यांत कातला आणि विणला जाई, ते हे शहर. आईने तागाच्या गिरणीत काम केलेलं, वडिलांचं छोटं दुकान. मुलगा ८ वर्षांचा असताना वडील गेले, आईची मानसिक प्रकृती ढासळली आणि सांभाळायची वेळ मोठ्या बहिणींवर आली. शाळेत जीव रमला नाही. १९६१ च्या सुमारास, जेमतेम १५ वर्षांचा हा मुलगा डंडी रेपर्टरी थिएटरमध्ये कामाला लागला. रंगमंच पुसायचा, निरोप पोचवायचे, पडेल ते काम करायचं आणि अधूनमधून छोटी भूमिका. ब्रिटनच्या रेपर्टरी नाट्यगृहांचा शिरस्ता असा, की ठरलेला नटसंच पगारावर असे. रात्री एका नाटकाचा प्रयोग आणि दिवसा पुढच्याची तालीम. आज नोकर, पुढच्या नाटकात न्यायाधीश, त्यापुढच्यात प्रेताची भूमिकासुद्धा. प्रेक्षक मात्र तेच, गावातलेच. कालची लकब आज परत वापरली तर त्यांच्या लगेच ध्यानात येणार. १९६३ मध्ये कॉक्स सरकारी अनुदानावर लंडनच्या लामडा या नाट्यशाळेत गेले आणि १९६५ मध्ये एडिनबरोच्या रॉयल लायसियमच्या नव्या कंपनीत दाखल झाले.

या घडणीवर पहिला आक्षेप ठरलेला: रंगभूमीचा नट कॅमेऱ्यासमोर मोठा होतो, आवाज शेवटच्या रांगेपर्यंत फेकतो. काही नटांबाबत हे खरंच आहे. पण 'मॅनहंटर' हा १९८६ चा चित्रपट पाहावा. पांढऱ्या कोठडीत कॉक्स यांचा हॅनिबल लेक्टर पाठ करून पडलेला असतो आणि भेटायला आलेल्या तपास अधिकाऱ्याला त्याच्या आफ्टरशेव्हच्या वासावरून ओळखतो. चेहरा दिसायच्या आधीच खोलीचा ताबा त्याच्याकडे गेलेला असतो. वाट्याला मोजकीच मिनिटं, आवाज चढत नाही, डोळे वटारणं नाही. पाठमोरं राहून प्रेक्षकाला धरून ठेवायची ही हिंमत रंगमंचावर वर्षानुवर्षं उभं राहिल्याने आलेली आहे. आवाज पोचवायला शिकलेल्या माणसालाच तो किती आवरायचा हे कळतं.

म्हातारपणाचंही तेच. १९९० मध्ये डेबोरा वॉर्नर यांच्या दिग्दर्शनाखाली नॅशनल थिएटरमध्ये कॉक्स लियर झाले तेव्हा ते ४४ वर्षांचे होते. त्यांचा राजा व्हीलचेअरवरून येई, डोक्यावर कागदी टोपी, जणू घरचा वाढदिवस. आणि त्या खेळीमेळीत राज्याची वाटणी. (मराठी वाचकाला इथे डॉ. लागू आठवणारच. 'नटसम्राट'चा पहिला प्रयोग झाला तेव्हा ते ४३ वर्षांचे होते.) हा लियर देशोदेशी फिरला, ब्रॉडमूरच्या सुरक्षा रुग्णालयातल्या मनोरुग्णांसमोरही झाला. लोगन रॉयचा अंधारातला गोंधळ मला या लियरपासून वेगळा काढता येत नाही. वारसा वाटायला निघालेला आणि वाटणीच्या क्षणी बिथरणारा बाप त्यांनी रात्रीमागून रात्री जगून पाहिला होता. त्याआधी १९८७ चा टायटस अँड्रॉनिकस आणि त्यासाठीचा ऑलिव्हिए पुरस्कार, नंतर 'न्यूरेम्बर्ग' मालिकेतला गोअरिंग आणि २००१ चं एमी. ७२ च्या आधीचं खातं कोरं नव्हतं.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. रेपर्टरीच्या घाईत नटाला ठोकळेबाज युक्त्या चिकटतात. पंधरवड्यात उभ्या केलेल्या भूमिकेला खोली कुठून येणार? हे मान्य करावंच लागेल; त्या यंत्रणेने सुमार नट पुष्कळ घडवले. पण म्हणून ती टाकाऊ ठरत नाही. तिने चुकायला जागा दिली, आणि चुकण्याच्या काळातही आठवड्याचा पगार दिला. तिसरा आक्षेप प्रतिभेचा: कॉक्स यांच्यात मुळात दम होता, ते कुठेही वर आले असते. हे बोलणं मला निष्ठुर वाटतं. वडील नाहीत, हातात शिक्षण नाही, नाट्यशाळेची फी भरायची ऐपत नाही, अशा मुलाची प्रतिभा बघायला कोण आलं असतं? त्याच्या गावात पगार देणारं नाट्यगृह होतं आणि शिक्षणाचा खर्च सरकारने उचलला, म्हणून ती दिसली. कामगारांच्या मुलांना हा रस्ता आता बंद होत चालला आहे, असं स्वतः कॉक्स जाहीरपणे सांगत आले आहेत.

तो रस्ता उघडा ठेवता येतो, याचा पुरावा डंडीतच आहे. डंडी रेपर्टरीची जुनी इमारत १९६३ मध्ये जळाली, १९८२ मध्ये नवी उभी राहिली आणि १९९९ मध्ये या नाट्यगृहाने कायम नटसंच पुन्हा पगारावर ठेवला. ब्रिटनमध्ये असं करणारी नाट्यगृहं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच. २०२५ मध्ये कॉक्स याच नाट्यगृहात 'मेक इट हॅपन' या नाटकात अर्थशास्त्रज्ञ ॲडम स्मिथचं भूत होऊन आले. नाटकाचा विषय रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडची २००८ ची पडझड. त्या बँकेला वाचवायला सरकारने अब्जावधी पौंड ओतले. नटांच्या पगाराचा आणि नाट्यशाळेच्या अनुदानाचा प्रश्न आला की मात्र तिजोरीत पैसे नसतात.