पडद्यावरील चित्र रंगवितो कोण?

श्रोतेहो, घरांतील मुलें संगणकावर खेळूं लागलीं म्हणजे आपण वडील मंडळी खेळाबद्दल बरेंवाईट बोलतों. परंतु पडद्यावरचें तें धांवतें चित्र रंगवितो कोण, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. जुन्या खेळांच्या काळीं त्याचीं उत्तरें दोन होतीं.

दिवाळींत अंगणांत रांगोळीही दोन प्रकारांनीं घालतात. एक चिमटीनें, ठिपक्यामागून ठिपका टाकून. दुसरी भोंकें पाडलेला छाप जमिनीवर टेकून. पहिलीस वेळ लागतो, पण मनांत येईल ती आकृति काढतां येते. दुसरी क्षणांत उमटते, पण छापांत असेल तेवढेंच उमटतें. संगणकाच्या मुख्य प्रोसेसरनें खेळांतील सूचनांबरहुकूम एकेक बिंदु रंगवावा, हा सॉफ्टवेअरचा मार्ग पहिल्या जातीचा. त्याच एका कामासाठीं घडविलेल्या निराळ्या कार्डाकडे तें सोंपवावें, हा हार्डवेअरचा मार्ग दुसऱ्या जातीचा.

१९९६ सालीं अमेरिकेंतील इड सॉफ्टवेअर या कंपनीचा ‘क्वेक’ हा खेळ निघाला. ३२० बाय २०० म्हणजे ६४,००० बिंदूंचें त्याचें चित्र सेकंदांत अनेकवार नव्यानें रंगवावें लागे. दूरची वस्तु लहान दिसावी म्हणून अंतरानें भागावें लागतें. आणि चार कृत्यांपैकीं भागाकार जसा मुलांस जड जातो, तसा तो प्रोसेसरलाही जातो. याच कंपनीच्या १९९३ च्या ‘डूम’ या खेळांत भिंती सरळ उभ्या व जमिनी सपाट ठेवल्या होत्या. भिंतीची एक उभी रेघ सर्वत्र सारख्याच अंतरावर असल्यानें तिच्यापुरता एकदां हिशेब केला कीं भागे. ‘क्वेक’ मध्यें नजर वरखालीं वळूं लागली, भिंतींना उतार आले, आणि ही सवलत गेली.

तेव्हां जॉन कारमॅक व मायकेल अॅब्रॅश या प्रोग्रॅमरांनीं तोड काढली. दर सोळा बिंदूंस एकच खरा भागाकार करावयाचा आणि मधले बिंदु सरळ प्रमाणानें भरून काढावयाचे. शिवाय पेंटियम प्रोसेसरचा अपूर्णांकांचा विभाग पुढचा भागाकार करीत असतां पूर्णांकांचा विभाग आधींचे बिंदु रंगवीत राही. एक पोळी तव्यावर असतां गृहिणी दुसरी लाटते, तसेंच हें.

त्याच १९९६ सालीं थ्रीडीएफएक्स कंपनीचें ‘व्हूडू’ कार्ड बाजारांत आलें, आणि १९९७ च्या आरंभीं ‘क्वेक’ची अशा कार्डांवर चालणारी आवृत्ति निघाली. चित्र ६४० बाय ४८०, म्हणजे ३,०७,२०० बिंदूंचें झालें, जवळजवळ पांचपट! २५६ रंगांच्या जागीं ६५,५३६ रंग आले. शेजारच्या चार ठिपक्यांचे रंग मिसळून भिंतींवरील खडबडीत चौकोन मऊ केले गेले. पाहणारे थक्क झाले.

पण छापानें कांहीं गाळलेंही. मूळ खेळांत अंधारांतही कांहीं रंग आपल्या तेजानें चमकत, आणि पाण्याखालीं गेल्यावर सारें दृश्य डुलूं लागे. कार्डाच्या त्या पहिल्या आवृत्तींत या दोन्ही गोष्टी राहिल्या नाहींत. चित्र अधिक रेखीव झालें. मात्र तें मूळ चित्र नव्हतें.

दुसरी गोष्ट आयुष्याची. थ्रीडीएफएक्स कंपनीचा व्यवसाय २००० च्या अखेरीस मावळला. तिच्या कार्डाच्या ‘ग्लाइड’ नांवाच्या भाषेवांचून ज्या खेळांचें पान हलत नव्हतें, ते आजच्या संगणकावर चालवावयाचे तर मध्यें दुभाषी प्रोग्रॅम बसवावा लागतो. उलट, प्रोसेसरकडून चित्र काढविणारा मार्ग कोणत्याही कार्डाचा आश्रित नाहीं. ‘क्वेक’ची मूळ संहिता १९९९ सालीं सर्वांस खुली झाल्यामुळें, त्यांतील प्रत्येक बिंदु कसा रंगतो हें आजही कोणासही वाचतां येतें.

याचा अर्थ छाप वाईट असा नव्हे. २००१ सालच्या ‘जीफोर्स ३’ या कार्डापासून प्रोग्रॅमरास कार्डालाही स्वतःच्या सूचना देतां येऊं लागल्या. जणुं छापाचीं भोंकें हवीं तेथें पाडतां येऊं लागलीं. हातचें स्वातंत्र्य आणि यंत्राचा वेग यांचा मेळ बसूं लागला. मधल्या चार-पांच वर्षांनीं शिकविलें तें एवढेंच कीं, यंत्राकडे काम सोंपवितांना त्याबरोबर आपली निवडही आपण सोंपवीत आहों काय, हें आधीं पाहून घ्यावें. घरांत एखादा जुना खेळ असेल आणि त्यांत दोन्ही मार्गांची सोय असेल, तर मुलांसमवेत तो दोन्ही रीतींनीं चालवून पाहा. कोणतें चित्र अधिक आवडतें, याविषयीं घरांत मतभेद झाल्यास मला नवल वाटणार नाहीं.