छत्रीवरचे चांदणे

पावसाळ्यात संध्याकाळी सातच्या सुमारास रस्त्याकडे नीट पाहा. वर काळे ढग, खाली ओले डांबर आणि मध्ये काळी छत्री. मगरिबच्या वेळी शिकवणीहून किंवा मक्तबमधून परतणारे मूल या काळोखात मिसळून जाते. वाऱ्यामुळे छत्री पुढे झुकवली की मुलाला गाडी दिसत नाही आणि गाडीवाल्याला मूल दिसत नाही.

आम्ही शिक्षकांनी सातवीच्या वर्गापुढे हाच प्रश्न ठेवला. छत्री घरातलीच राहील, पण ती लांबून दिसावी म्हणून काय करता येईल? उत्तरे एकाहून एक गमतीची आली. कोणी दांड्याला सायकलची घंटी बांधली, तर कोणी टोकावर दिवा लावायचा म्हणाले. घंटीने छत्री कलली आणि दिव्यात पाणी शिरले. मग एका मुलीने विचारले, "ट्रकच्या मागे रेडियम चमकते, ते छत्रीला लावले तर?"

आपण रेडियम म्हणतो त्या पट्टीत रेडियम नावाचे मूलद्रव्य नसतेच. अशा अनेक पट्ट्यांत काचेचे अगदी बारीक मणी असतात. साध्या कापडावर पडलेला प्रकाश चहूकडे विखुरतो. ही पट्टी मात्र तो जिथून आला तिकडेच परत पाठवते, म्हणून गाडीच्या दिव्याचा उजेड थेट चालकाच्या डोळ्यांपर्यंत पोहोचतो. मांजराचे डोळेही असेच चमकतात. इंग्लंडमधील पर्सी शॉ यांनी १९३० च्या दशकात रस्त्यात बसवायची चमकती भिंगे तयार केली, त्यांना 'कॅट्स आय' हेच नाव मिळाले.

छत्रीत अशी भर घालणारे पूर्वीही होऊन गेले. १८५२ मध्ये सॅम्युएल फॉक्स यांनी तिला पोलादी काड्या दिल्या. पुढे १९२० च्या दशकात जर्मनीच्या हान्स हाउप्ट यांनी खिशात मावणारी घडीची छत्री केली.

आमच्या मुलांनी नंबरप्लेटवाल्याच्या दुकानातून रेडियमचे उरलेले तुकडे आणले. त्यांतून चांद, तारे, मासे, होड्या कापल्या. अनुभवातून काही गोष्टी ठरल्या. कापड कोरडे व स्वच्छ असावे. सुईने शिवू नये, छिद्रांतून पाणी गळते. चित्रे दोन काड्यांच्या मधल्या कापडावर, काठाजवळ आणि चारही बाजूंना लावावीत. लावून झाल्यावर अंधारात वीस पावलांवर उभे राहावे, टॉर्च डोळ्याशेजारी धरावी आणि छत्रीवर उजेड टाकावा. टॉर्च कमरेजवळ धरली तर चमक तितकी दिसत नाही.

गाडीचा दिवा बंद असेल तर रेडियम काहीच करू शकत नाही. म्हणून फुटपाथ नसेल तिथे मुलांनी रस्त्याच्या उजव्या कडेने, समोरची वाहने दिसतील असे चालावे. छत्री डोळ्यांवर ओढू नये.

एरवी छत्री न्यायला कंटाळणारी मुले आता एकमेकांना आपापले मासे दाखवत चालतात. काहींनी तर घरी जाऊन दादा-नानांच्या छत्रीलाही चार तारे चिकटवले. फज्रला अंधारात मशिदीकडे निघणाऱ्या त्या थकल्या पावलांना या ताऱ्यांची गरज मुलांपेक्षा कमी नाही. येत्या रविवारी मुलांना कात्री द्या आणि घरातल्या सगळ्या छत्र्या त्यांच्यापुढे ठेवा.